रिचर्डकाकांचं ग्राफिक्स कार्ड

वसईजवळ वालीवला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात मी एकवीस वर्षं क्वालिटीला आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची, लाल शिक्का मारायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. घरीही तोच खाक्या. बायको, विनया, म्हणते, "अहो, आता आमटीवरपण मारा एकदा शिक्का!" म्हणून दहावी झाल्यावर लेकीने, ऋतिकाने, गेमिंगचा कॉम्प्युटर मागितला तेव्हा मी ऐटीत म्हणालो, तयार कशाला? दुकानदार येडा बनवतात. सुटे भाग आणू, घरी जोडू. बजेट पन्नास हजार, वर एक रुपया नाही.

पंधरा दिवस आम्ही बापलेक यादी करत होतो. काय मजेचे दिवस होते! ती मोबाइलवर व्हिडिओ बघायची, मी वहीत लिहायचो आणि खोडायचो. तिला दिव्यांचं कॅबिनेट हवं होतं. मी म्हटलं, रोषणाई बघायला गणपतीत जाऊ, पत्र्याचं साधं घे. पॉवर सप्लाय मात्र चांगलाच घ्यायला लावला. प्रोसेसर दोन तऱ्हेचे होते. एकातून पडद्यावर चित्र येतं. दुसऱ्यातून येत नाही, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, पण तो अडीच हजारांनी स्वस्त. कार्ड घेणारच आहोत, मग उगाच कशाला पैसे घालवा, असं म्हणून स्वस्तातला मीच निवडला. मीच, हे लक्षात असू द्या.

गाडं अडलं ते ग्राफिक्स कार्डापाशी. नवं घेतलं तर बजेटचा बोऱ्या वाजणार होता. आमच्या सोसायटीच्या गेटवर रोज सकाळी सांडोरचे रिचर्डकाका वाडीतली भाजी आणि केळी घेऊन बसतात. वय सत्तरीकडे. दहा वर्षं मी त्यांच्याकडूनच भाजी घेतोय, आणि दरवेळी ते वर मूठभर कोथिंबीर टाकतात, न मागता. आमची दोघांची हुज्जत ऐकून ते म्हणाले, "आमच्या जॅक्सनचं कायतरी कार्ड पडलंय घरी. तो कॅनडाला गेला तेव्हा बाकीचं विकलं, ते तेवढं राहिलं. विचारू का त्याला?" जॅक्सनने फोनवर सांगितलं, एकदम चालू आहे, नऊ हजार घ्या. दुसऱ्या दिवशी काकांनी ते टॉवेलात गुंडाळून केळ्यांच्या टोपलीतून आणलं.

रविवारी जोडणी केली. बटण दाबलं, पंखे फिरले, ऋतिकाने टाळ्या वाजवल्या आणि पडदा काळाच. पुन्हा सगळं काढलं, पुन्हा बसवलं. काळाच.

"बाबा, आपलंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

"गप गं! कार्डच मेलेलं आहे. एकवीस वर्षं काय मी गोट्या खेळलो?"

सोमवारी सकाळी गेटवर मी आवाज चढवला. चार बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यादेखत. "काय काका, मेलेला माल आमच्या गळ्यात मारलात? पोराने शिकवलं वाटतं तिकडून?" काकांच्या हातात तागडी होती, ती त्यांनी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊच्या नऊ हजार आणून दिले, कार्ड परत घेतलं आणि डझनभर केळी माझ्या पिशवीत घातली. "जॅक्सनला लय बोललो मी," एवढंच म्हणाले. केळी मी घेतली. खाल्लीसुद्धा!

चार दिवसांनी ऋतिकाने मला हाक मारली. तिच्या मोबाइलवर एक मुलगी मॉनिटरची केबल खालच्या बाजूला, ग्राफिक्स कार्डालाच लावत होती. आम्ही ती वरच्या बाजूला मदरबोर्डाला लावली होती. आणि आमच्या त्या स्वस्तातल्या प्रोसेसरमुळे तिथून चित्र येणारच नव्हतं, जन्मात नाही. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. बापरे, काय करून बसलो मी!

"बाबा, आपण काकांना सांगायला हवं."

"सांगतो ना. आजच सांगतो."

संध्याकाळी नऊ हजारांचं पाकीट खिशात घालून तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि सांडोरला गेलो. वाटेत वाक्य दहादा घोकलं: काका, चूक माझी होती. काका केळींना पाणी सोडत होते. हात पुसत आले, खुर्च्या मांडल्या, ऋतिकाला सरबत दिलं. कार्ड ओटीवरच्या फळीवर होतं, त्याच टॉवेलात. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "काका, बघू का जरा, दुरुस्त होतंय का?"

"न्या न्या," ते म्हणाले. "पैशाचं नाव काढू नका. आधीच तुम्हाला त्रास झाला."

आणि मी नेलं. फुकट! पाकीट खिशातच राहिलं. येताना ऋतिकाने नेहमीसारखा माझा खांदा धरला नाही, मागची दांडी धरून बसली. घरी कार्ड लावलं, केबल जागेवर लावली, चित्र एका फटक्यात आलं. त्या दिवशी ती काही खेळली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

पुढे तर कहर झाला. काका गेटवर येईल त्याला सांगू लागले, "साहेबांच्या हातात गुण आहे, मेलेलं कार्ड उठवलं!" लोक माझ्याकडे मिक्सर आणू लागले. मी भाजीला जायचं टाळू लागलो. पाकीट मात्र रोज ऑफिसच्या बॅगेत यायचं आणि जायचं.

महिन्याभराने एका सकाळी मी बॅग घेऊन ऑफिसला निघालो, तर विनयाने मला आणि ऋतिकाला जबरदस्तीने भेंडी आणायला पाठवलं. काकांनी मला बघताच मोबाइल पुढे केला. "हे बघ जॅक्सन, हेच ते साहेब!"

पडद्यावर दाढीवाला तरुण हसत होता. "थँक्यू हां, अंकल. पप्पा महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हते. तुझ्यामुळे गेटवर माझी मान खाली गेली, म्हणायचे. पण काय बिघडलं होतं हो? मी निघायच्या आदल्या दिवसापर्यंत वापरलं होतं ते."

सरळ प्रश्न होता, त्यात टोमणा नव्हता. एक बारीकसा पार्ट उडाला होता, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ऋतिका भेंडी निवडत होती. तिचा हात थांबला, पण तिने वर बघितलं नाही. बापाचं उत्तर तिला आधीच माहीत असल्यासारखी ती वाकून राहिली होती. त्याची मला लाज वाटली.

"काही बिघडलं नव्हतं," मी म्हणालो. "केबल मी चुकीच्या जागी लावली होती. काकांकडून कार्ड परत नेलं तेव्हाही मला ते माहीत होतं."

मी बॅगेतून पाकीट काढून टोपलीपाशी ठेवलं. काकांनी त्याकडे बघितलंही नाही. त्यांनी मोबाइल अगदी तोंडाजवळ नेला.

"जॅक्सन, ऐकलंस ना, बाळा? तुझी काय चूक नव्हती. मी उगाच बोललो तुला. मला माफ कर रे."

माफी मी मागायची होती. मी नुसता उभा होतो. काकांनी फोन खिशात ठेवला, ऋतिकाची भेंडी तोलली, पिशवीत घातली. कोथिंबिरीची जुडी समोरच होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

"वीस रुपये," ते म्हणाले. मी वीस दिले.