खाणीतलं धुकं

मागच्या आठवड्यात गुणवंताने एका बुजगावण्याला रामराम केला आणि घरच्यांची तब्येत विचारली. बगीच्याचा मालक मागेच उभा होता. तो पोट धरून हसला. गुणवंताही हसला. पांढुर्ण्यात ज्याचं मजाकी माणूस म्हणून नाव झालेलं असतं, त्याला बरंच काही माफ असतं. घरी येताना मात्र त्याने मोटरसायकल एका बसच्या मागे लावली, आणि बस जिथे जिथे थांबली तिथे तिथे तोही थांबला.

दिवाळीपासून त्याला धुकं दिसत होतं. आधी त्याने ते थंडीवर ढकललं. मग भर दुपारी स्वयंपाकघरात दिसलं, तेव्हा बायको शकुंतलेच्या फोडणीवर ढकललं. आता ढकलायला काही उरलं नव्हतं.

त्याचा धंदा संत्र्याचा. माल झाडावर असतानाच बगीच्यातून एक चक्कर मारायची, झाडांकडे पाहायचं आणि अख्ख्या बगीच्याचा सौदा बोलायचा. काटा नाही, मोजणी नाही, फक्त नजर. गुणवंता पाहून गेला म्हटल्यावर दुसरा व्यापारी तिथे पुन्हा पाहायला जात नसे. तीच नजर चालली आहे हे बाजाराला कळलं, तर उद्यापासून त्याला बगीच्यात कोणी उभं करणार नव्हतं. डॉक्टर काय सांगेल याची त्याला भीती होती. डॉक्टरच्या बाकावर शेजारी कोण बसलेलं असेल, याची त्याहून जास्त. आणि सोमवारी मोहगावला मोतीरामचा बगीचा पाहायचा होता. या बहाराचा सगळ्यात मोठा सौदा.

रविवारी दुपारी विनोदचा फोन आला. "गुणवंताभाऊ, खाण चालू झाली. ये."

विनोदचं स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पंचवीस-एक वर्षांपूर्वी त्याच जागी कॉम्प्युटर क्लास होता. क्लासमध्ये हे दोघं काहीच शिकले नाहीत, पण कोपऱ्यातल्या मशीनवर एक गेम खेळायचे. ओसाड खाण, हातात कंदील, पुढे बोगदा, बोगद्यात धुकं आणि धुक्यातून अचानक निघणारी लांब हातांची माणसं. विनोद भित्रा. तो डोळे मिटून बसायचा आणि गुणवंता खेळता खेळता त्याला सांगायचा, डावीकडे दार हाय, आता कोणी नाही, उघड डोळे. कोणी नाही असं सांगायचा तेव्हा हमखास कोणीतरी असायचं.

नव्या कॉम्प्युटरवर हा गेम विनोदने चालवून पाहिला होता. चालला, पण धुकं गायब. नव्या ग्राफिक्स कार्डाला ते जुनं धुकं रेखाटताच येत नाही. बोगदा शेवटपर्यंत लख्ख आणि शेवटाला ती लांब हातांची माणसं, रेशनच्या लाइनीत उभी असल्यासारखी, आपला नंबर येण्याची वाट पाहत. यात भ्यायचं काय? म्हणून विनोद वर्षभर त्याच काळचं कार्ड शोधत होता. पांढुर्णा जिल्हा झाला, नवी कार्यालयं आली, पण जुनं कार्ड काही मिळेना. शेवटी ते सौसरच्या एका भंगारवाल्याकडे पंख्यांच्या पात्यांखाली सापडलं.

गुणवंता आला तेव्हा विनोदने अंधार व्हावा म्हणून शटर अर्धं पाडलं होतं. मशीन उघडंच होतं. जुना, पोट सुटलेला मॉनिटर गुणगुणत होता.

"बस न भाऊ. खुर्ची तुहीच हाय," विनोद म्हणाला. "मी चहा गाळून राहिलो."

गुणवंता बसला. कंदील पेटला. पुढे बोगदा, आणि बोगद्यात धुकं. दाट, पांढुरकं, ओळखीचं. तो चार पावलं चालला आणि दिवाळीपासून वर चढलेले त्याचे खांदे खाली आले. इथे धुकं दिसणं बरोबर होतं. इथे धुकं न दिसणाऱ्याच्या डोळ्यांत खोट होती.

"वा बे विनोद," तो म्हणाला. "धुकं त मस्त आणलंस. अगदी तेच."

विनोद दोन कप घेऊन आला. ते ठेवले नाहीत. "काय आणलं म्हणते?"

"धुकं."

"ते बंद हाय अजून. कार्ड गरम होते का, ते पाह्यचं होतं मले आधी. म्हणून सारं बंद ठेवलं."



"मजाक करून राहिलो न बे," गुणवंता म्हणाला.

"हाव," विनोद म्हणाला. हसला नाही. "पाह्य मंग आता. चालू करतो."

गुणवंता पडद्याकडे पाहत राहिला. इतकं लक्ष देऊन त्याने स्वतःच्या लग्नासाठी मुलगीही पाहिली नव्हती. कडेला काहीतरी हललं असं वाटलं. खोल कुठेतरी जास्त पांढरं झालं असावं.

"आलं," तो म्हणाला. "आता आलं. आता कसं खरं वाटते."

"भाऊ."

"बोल न."

"माह्या दोन्ही हातांत कप हायेत."

गुणवंताने माउस हलवायचं थांबवलं.   त्या बोगद्यात पुढे काय उभं आहे, हे शेजारच्या माणसाला लख्ख दिसतंय आणि आपल्याला नाही, एवढं त्याला कळलं.

"कोणी हाय का समोर?" त्याने विचारलं.

"तीन जण हायेत."

"किती दूर?"

"जवळच हायेत, भाऊ."

त्याने माउस सोडून दिला. स्पीकरमधून एक किंकाळी आली आणि कंदील विझला. विनोदने कप खाली ठेवले, स्टूल ओढलं आणि अगदी शेजारी बसला.

"कधीपासून?"

"दिवाळी."

"वहिनीले?"

"कोणालेच नाही. तू बोलशील बाजारात?"

"मी काऊन बोलीन? तू सांगतलं का कोणाले, मी डोये मिटून बसत होतो म्हणून?"

गुणवंताने सांगितलं होतं. सगळ्या पांढुर्ण्याला. विनोदच्या लग्नातही. 

"उद्या सकाळच्या गाडीनं नागपूर," विनोद म्हणाला. "तिथं बाकावर आपल्याकडचं कोणी दिसलं, त मी सांगीन, पेशंट मी हावो."

"आन् मोतीराम?"

"त्याले सांगतो, पोट बिघडलं."

"सौदा जाईल."

"उद्या जाऊन तू तिथं कोणाले रामराम करशीन, त्याचा काही भरवसा हाय?"

म्हणजे बुजगावण्याची ती गोष्ट बाजारात पोचली होती. अजून तरी मजाक म्हणूनच.

"डॉक्टर म्हणाला का नजर पूर्णच जाते आता, मंग?" गुणवंताने विचारलं.  

 विनोदने मशीन बंद केलं आणि शटर वर ढकललं.

ऊन एकदम आत घुसलं आणि सगळं पांढरं झालं. रस्ता, दुकानं, स्टेशनकडे जाणारी माणसं, काहीच उरलं नाही. गुणवंता उंबऱ्याशी थांबला.

"मोटरसायकलची चाबी दे," विनोदचा आवाज आला.

त्याने आवाजाच्या दिशेने किल्ली पुढे केली.

"इकडे, भाऊ."

किल्ली कोणीतरी घेतली. मग एका हाताने त्याचा दंड धरला.

"पायरी हाय," विनोद म्हणाला. "आता सरळ. डाव्या हाताले गाडी उभी हाय. समोर गाय हाय."

"खरंच हाय का बे?"

"बसली हाय. तू चाल."