तक्रारीचा वार

विजयश्री ताथवड्याच्या आमच्या कॉलेजात गुन्हेशास्त्र शिकवायची, पण कंत्राटावर. कायम होण्याची मुलाखत ठरली आणि घेणार होते सोपानराव सर, तिचेच पीएचडीचे गाइड. मी तिला बजावलं, "बाई, उद्या एक दिवस तोंड आवर."

"आवरते की," ती म्हणाली. तिचं हे 'आवरते की' मी चांगलंच ओळखून होते.

सरांचं नाव झालं होतं ते एका सिद्धांतावर. चाकण पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, बाहेरून आलेली पोरं मोकाट, म्हणून सगळ्यात जास्त गुन्हे गुरुवारी. आकडे पोलिसांचेच होते. त्यावरून एका गावात दर गुरुवारी कामगारांच्या खोल्यांची झडती सुरू झाली. विजयश्री वर्षभर त्याच खोल्यांतून हिंडली. चोरी कधी झाली आणि तक्रार कधी दिली, एवढंच विचारत. चोऱ्या आठवडाभर होत होत्या, तक्रारी मात्र गुरुवारी, आणि पोलिसांच्या आकड्यांत वार लागायचा तो तक्रारीचा. खाडा करून ठाण्यात कोण जाणार?

मी कॉलेजच्या ऑफिसात, त्यामुळे मुलाखतीला कागदपत्रं सांभाळायला मीही खोलीत होते. सरांनी हसून विचारलं, "माझं काम पुढं कसं न्याल?"

"नेणार नाही, सर. ते चुकलंय."

मी घाईघाईनं तिची फाइल सरांपुढं सरकवली.

"नांदेडच्या मुरारीचा मोबाइल सोमवारी चोरीला गेला," ती शांतपणे म्हणाली. "गुरुवारी तो तक्रार द्यायला गेला, तेवढ्यात खोलीवर झडती आली. कुलूप बघून पोलिसांनी त्यालाच फरार ठरवलं. मालकानं सामान रस्त्यावर टाकलं. ज्याची चोरी झाली त्यालाच आपण चोर केलं, सर."

जागा दुसऱ्याला मिळाली. मी तिच्यावर भयंकर चिडले. तुझं काय जात होतं गप्प बसायला, असं तोंडावर विचारलं. ती थेट त्या गावच्या नव्या फौजदार वर्षाराणींकडे गेली.

"शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर टेबल टाका. तक्रारी तिथंच घ्या, रोज."

"टाकते मॅडम, पण येणार कोण?"

पहिल्याच दिवशी रांग लागली. विजयश्री रोज तिथं उभी राहायची, बिनपगारी. दिवाळीपर्यंत तक्रारी सगळ्या वारांना सारख्या येऊ लागल्या आणि झडत्या बंद झाल्या.

तिच्या जागेवरचा माणूस अजून सरांचाच गुरुवार शिकवतो. रोज त्याच्या वर्गावरून जाताना माझं डोकं फिरतं.