बाहेरची कडी

मुकादम तळमजल्यावर ओरडला, की पाचव्या मजल्यावरच्या माणसाच्या हातातली थापी गळायची. आणि त्याचा एकच नियम होता: सिमेंटच्या खोलीला कडी लावलेली दिसली नाही, की येणाऱ्या-जाणाऱ्यानं ती बाहेरून घालायचीच. सिमेंटला दमट हवा लागली तर खैर नाही!

बायका कामावर घ्यायचं ठरलं, तेव्हा सिमेंट दुसरीकडे हलवून त्याच खोलीत त्यांच्यासाठी संडास बांधला. फरशी, आरसा, सगळं झोकात. दार तेवढं जुनंच राहिलं. माणसांची सवयही जुनीच, ती काय पोत्यांबरोबर हलते?

तिघी आल्या, दोघी महिन्याभरात गेल्या. "बायका टिकतच नाहीत हो," मुकादम ज्याला त्याला सांगायचा. उरली प्लास्टरवाली. तिचा हात फिरला, की भिंतीवरून बोट फिरवायचा मोह व्हायचा. आज तीही म्हणाली, "मुकादम, शनिवारपासून मी येत नाही."

त्याचं धाबंच दणाणलं. घरं ताब्यात द्यायची वेळ आली, आणि असा हात आणायचा कुठून?

"काय कमी पडलं ताई? पंखा लावून देतो!"

"पंखा राहू द्या. आमच्या खोलीत एकदा जाऊन या, मग बोला."

"तिथं काय बघायचं? आरसा मी स्वतः लावलाय!"

तणतणत तो आत गेला. दार लोटलं, आतून कडी चाचपली. कडी कुठाय? तेवढ्यात बाहेर खट्ट! कुणीतरी इमानेइतबारे नियम पाळला होता.

"अरे ए! कोण आहे रे?" मिक्सरच्या घरघरीत त्याचा तो आवाज कुणालाच ऐकू जाईना. दार बडवून हात दुखले, घाम फुटला. त्या दोघी नेहमी जोडीनं यायच्या आणि आपण म्हणायचो, 'चालल्या गप्पा मारायला.' अहो, एक राखणीला उभी राहायची! मग आता ही एकटी काय करत असेल? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कडी निघाली. समोर प्लास्टरवाली.

"तुलाही असंच कोंडतात?"

"मग काय! वर हसतात. म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही मी."

मुकादमानं लगेच पेचकस मागवला, कडी स्वतःच्या हातानं काढली आणि आतून बसवली. ती आत जाऊन लावून बघायला लागली.

"बसली का गं?" त्यानं बाहेरून हळूच विचारलं.

"बसली!"

"मग शनिवारचं?"

"त्या दोघींना फोन लावा. ओरडू नका तेवढं. आणि आधी माझी बाटली भरून आणा!"

बाटली घेऊन मुकादम नळाकडे पळत सुटला.