मी गळती गिळणारी पिशवी

हसू नका, पण मी एक पिशवी बोलतेय. भाजीची नाही, कचऱ्याची तर मुळीच नाही. माझ्या पोटात नेमका किती गॅस मावतो, ते कारखान्यात मोजून माझ्या अंगावर छापलंय. तुमच्यापैकी किती जणांना आपल्या पोटाची मर्यादा माहीत असते, सांगा बरं!

माझं काम सोपं. गॅसच्या यंत्रांतून, नळ्यांतून कुठे ना कुठे थोडाथोडा गॅस निसटत असतो. तिथे माझं तोंड धरायचं आणि मी किती वेळात फुगते ते घड्याळात बघायचं. पटकन फुगले तर गळती मोठी, रेंगाळले तर लहान. मिथेन म्हणतात या गॅसला. हवेत गेला की वाया जातोच, वर हवाही तापवतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणसं खुशाल म्हणतात, "थोडासाच तर आहे!" हा 'थोडासाच' म्हणजे किती, हे सांगायलाच माझा जन्म.

माझी मालकीण गळती शोधणारी तपासनीस. तिच्याकडे एक कॅमेराही आहे. निसटणारा गॅस त्याला धुरासारखा दिसतो, त्यामुळे स्वारीचा तोरा फार. पण "किती?" असं विचारलं की त्याची दातखीळ बसते. मग माझी आठवण होते.

एकदा आमची पाळी एका कॉम्प्रेसर स्टेशनवर आली. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून पुढच्या पाइपात ढकलणारं धिप्पाड यंत्र. स्टेशनचे प्रमुख होते मालकिणीचे सख्खे सासरे. "तिथे दुसऱ्या कुणाला पाठवा हो," असं तिने ऑफिसात सांगून पाहिलं होतं, पण दुसरा तपासनीस कंबर धरून अंथरुणात पडला होता. सासरे आठवड्याभरात निवृत्त होणार होते. "माझ्या स्टेशनात गळती नाही," हे वाक्य ते घरी रोज जेवताना मीठ वाढावं तसं वाढत.

सकाळी दोघं एकाच गाडीतून आली. फाटकापर्यंत 'बाबा' आणि 'सूनबाई'. फाटकाच्या आत 'साहेब' आणि 'मॅडम'. स्टेशनचा फिटर बुटांकडे बघत गालातल्या गालात हसत होता.

कॉम्प्रेसरच्या वर एक बारीक नळी होती. कॅमेऱ्यात तिच्यातून भकाभका धूर जाताना दिसला.

"साहेब, यंत्राच्या दांड्याभोवती गॅस अडवणारं पॅकिंग झिजलंय. गॅस या नळीवाटे बाहेर जातोय," मालकीण म्हणाली.

साहेबांनी नाक वर करून हुंगलं. "मला काही वास येत नाही, मॅडम."

"इथल्या गॅसला वास नसतोच. तो पुढे, घरोघरी देण्याआधी मिसळतात. तुम्हीच सांगितलं होतंत मला."

फिटरला एकदम खोकला आला.

"असेल थोडासा," साहेब म्हणाले. "यंत्र आहे, श्वास घेणारच! तुमची पिशवी भरेपर्यंत माझा चहा पिऊन होईल."

झालं, माझ्या इभ्रतीचा प्रश्न आला. मालकिणीने माझं तोंड नळीवर बसवलं. साहेबांनी चष्म्यासाठी खिशात हात घातला. चष्मा नाकावर चढेपर्यंत मी टम्म!

"पुन्हा लावा."

पुन्हा टम्म.

"पिशवीच लहान आहे तुमची. द्या इकडे, मी धरतो."

लहान? मी? मालकिणीने त्यांना वाऱ्याची दिशा बघून उभं केलं आणि मला त्यांच्या हातात दिलं. मी अशी भसकन फुगले की थेट त्यांच्या हनुवटीखाली. मान वर, हेल्मेट मागे, नजर आभाळाला! मुद्दाम केलं का? अहो, पिशवीला कुठलं आलंय मन!

फिटर या वेळी खोकलासुद्धा नाही, सरळ हसला.

मला खाली ठेवून साहेब हळू आवाजात म्हणाले, "पॅकिंग बदलायचं तर यंत्र बंद ठेवावं लागेल. माझ्या शेवटच्या आठवड्यात? मी गेल्यावर बदलतील की."

"तोवर गॅस जातच राहणार ना, बाबा."

फाटकाच्या आत 'बाबा' पहिल्यांदाच. साहेब हेल्मेट सरळ करत निघून गेले.

संध्याकाळी मी मालकिणीच्या बॅगेतून डोकावत होते. जेवायला बसलेले सासरे माझ्याहून जास्त फुगले होते.

"झालंय तरी काय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुझ्या सुनेनं मला पिशवी दाखवली."

"मग आणायची ना भाजी! त्यात रुसायचं काय?"

मालकिणीने सगळं सांगितलं. सासूबाईंचा वाढता हात थांबला. "परवा न्हाणीघरातला नळ ठिबकत होता तर अर्ध्या जेवणावरून उठलात. टपटप ऐकून घास उतरत नाही म्हणालात."

"ते ऐकू येत होतं."

"म्हणजे आवाज नसला की चालतं होय?"

सासरे अर्ध्या जेवणावरून उठले. मालकिणीने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेब कामाचा जुना डगला चढवूनच आले आणि त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. "कॉम्प्रेसर बंद ठेवतोय. गॅस दुसऱ्या यंत्राकडे वळवलाय... गळती आहे. नाही हो, किरकोळ नाही, मोजलीय... कुणी म्हणजे? माझ्या सुनेनं!... हो, गळती नाही म्हणायचो मीच. आता नाही म्हणणार."

मालकीण उगीचच माझ्या घड्या घालत राहिली. सरळ एक आली नाही.

साहेब आणि फिटर दोघांनी कोपरापर्यंत तेलात माखून पॅकिंग बदललं. यंत्र सुरू झालं आणि मला पुन्हा नळीवर चढवलं. मी वाट बघतेय. सगळेच वाट बघतायत. चहा आला, पिऊन झाला, कप विसळले गेले, तरी मी ओल्या मोज्यासारखी लोंबतेय! शेवटी एक कोपरा जेमतेम उचलला गेला. एवढा माझा पाणउतारा कधी झाला नव्हता, आणि मंडळी टाळ्या वाजवत होती.

पुढे बरीच स्टेशनं फिरले. आता माझ्या बुडाशी सुईएवढं भोक पडलंय. मालकिणीने चिकटपट्टी लावून पाहिली, पण गळक्या पिशवीने दुसऱ्याची गळती कशी मोजावी? म्हणून मी गोदामात खुंटीवर असते. शेजारच्या खुंटीवर कालच एक नवी कोरी पिशवी आलीय. उद्या पहिल्यांदा कामावर जाणार, म्हणून आत्तापासूनच ताठली आहे.

"आजी, काही आशीर्वाद द्या ना," म्हणाली.

मी मनापासून दिला. "जाशील तिथे उपाशी राहा, पोरी!"