नावं संपेपर्यंत

"तीनच सेकंद, ताई," साहेब म्हणाले. "नावं सगळी संपली, पडदा काळा झाला, की मग. त्याचं एक बोट हलायला हवं, बस. बाकी तुमच्या सिनेमाला मी हातसुद्धा लावत नाही."

सिनेमाला हात न लावता त्यातल्या मेलेल्या माणसाचं बोट कसं हलवायचं, ते त्यांनाच ठाऊक.  बावीस वर्षं ताई अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांनी काढलेले सिनेमे कापत आणि जोडत आली होती, आणि या धंद्यात कुणी 'तीनच' म्हणालं की ती मनात तीस धरायची. बोलला तो मागच्या सोफ्यावर आडवा पडलेला तिचा धाकटा भाऊ. सिनेमा त्याचा होता. त्यानेच लिहिलेला, त्यानेच काढलेला.

"तो मेलाय," धाकटा म्हणाला.

"आमच्या विश्वात असं कायमचं कुणी जात नाही हो."

"मग तुमच्या विश्वात दुसरा कुणी घाला. माझा सिनेमा एकटा आहे. सुरू होतो आणि संपतो."

साहेबांच्या कंपनीने आतापर्यंत अचाट शक्तीच्या महानायकांचे अकरा सिनेमे काढले होते. प्रत्येकाचा नायक वेगळा, पण सगळे एकमेकांच्या सिनेमात डोकावणारे, आणि दरवेळी शेवटी पुढच्याची चाहूल. ऑफिसातल्या भिंतीवर त्याचा एक भला मोठा तक्ता होता, त्यात रंगीत दोऱ्यांनी कोण कुणाला कधी भेटणार ते बांधून ठेवलेलं. एक सिनेमा चुकला की पुढचे तीन डोक्यावरून जायचे. धाकट्याने या गृहस्थांचं नाव साखळीसाहेब ठेवलं होतं. तसा माणूस वाईट नव्हता. आवाज कधी चढवायचा नाही, चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचा.

"लोकांना निरोप घ्यायला आवडत नाही," साखळीसाहेब म्हणाले. "कुठेतरी, कधीतरी हा परत भेटेल, एवढीच आशा घेऊन माणूस घरी जातो. त्यात वाईट काय आहे?"

"घरी जाऊन तो काय करतो?" धाकट्याने विचारलं.

"म्हणजे?"

"वाट बघत बसतो. ते वाईट आहे."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि मग ते बोलले, जे बोलायला ते आले होते. एकट्या सिनेमाला कंपनी तारीख देणार नाही. दुवा असला तर पुढच्या महिन्यात प्रदर्शन, नसला तर कपाट. "राहू दे कपाटात," धाकटा म्हणाला आणि दार आपटून निघून गेला. लहानपणापासून तो असाच, रागावला की दारावर राग काढायचा. बिजागरीची दुरुस्ती ताईच्या वाट्याला.

सिनेमा होता एका हमालाचा. गोदामात पोती वाहणारा साधा माणूस, त्याला एक दिवस कशाचंच वजन लागेनासं होतं. अंगावर चकचकीत पोशाख नाही, मळलेला बनियनच. नदीला पूर येतो, पूल कलतो, आणि हा खाली उतरून खांद्यावर पूल धरतो. शेवटची बस पार होईपर्यंत धरून ठेवतो. मग पूलही जातो आणि तोही. तिसऱ्या दिवशी खालच्या घाटाच्या दगडांवर सापडतो. त्याची आई येते, चेहरा पुसते, अंगावर स्वच्छ सदरा चढवून त्याची बटणं लावते आणि म्हणते, "चल, झालं आता." इथे सिनेमा संपतो.

हा हमाल कुठून आला, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा थोरला भाऊ वेल्डर होता. नऊ वर्षांपूर्वी पुलाच्या दुरुस्तीवर असताना परांची कोसळली आणि चौघे नदीत पडले. तिघे सापडले. दादा सापडला नाही.

तेव्हापासून आईने घराला कुलूप लावलं नव्हतं. दादाकडे किल्ली नव्हती, कामावर जाताना तो कधीच न्यायचा नाही. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? म्हणून आई घर सोडायची नाही. फारच अडलं तर शेजारणीला दारात खुर्ची टाकून बसवायची, तासाभरात धापा टाकत परत. दोन्ही गुडघे पार कामातून गेलेले. डॉक्टर सांगून थकले, ऑपरेशन करा, आठ दिवस दवाखान्यात, दोन महिने लेकीकडे. आई म्हणायची, "आणि घरी कोण?" या तीन शब्दांपुढे नऊ वर्षं सगळ्यांनी हात टेकले होते.

सिनेमाची पहिली जोडणी झाली तेव्हा ताईने शेजारणीला दुपारभर दारात बसवलं आणि आईला मुद्दाम बोलावून घेतलं. संकलनाच्या खोलीतल्या खुर्चीवर दोन उशा घातल्या आणि लावला सिनेमा.  पडद्यावरच्या आईने बटणं लावायला घेतली तशी हिची बोटंही पदरावर हलू लागली. शेवटचं बटण लागलं आणि आई रडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा, तोंड उघडून, लहान मुलासारखी. ताईने तिला धरलं. आपणही रडतोय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

"माझाही असाच गेला असेल गं," आई शेवटी म्हणाली. "कुठेतरी दगडावर. बटणं लावायला कुणी नव्हतं एवढंच." मग डोळे पुसून म्हणाली, "हा सिनेमा थेटरात लागू दे. सगळ्यांच्या समोर एकदा बघते त्याला. त्या दिवशी घराला कुलूप लावून येईन. मग घाल मला कुठे घालायचं त्या दवाखान्यात."

ताईने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली आणि एक नवं कुलूप विकत आणलं.

आणि आता सिनेमा कपाटात जाणार होता.

ताई आठवडाभर त्याच विचारात होती. धाकट्याचं म्हणणं तिला पटत होतं. पण तत्त्व सांभाळायला त्याला सोपं होतं, रोज रात्री आईकडे जाऊन तिचे गुडघे चोळायला तो कुठे असायचा? आईच्या कुलपाचं साहेबांना तरी कसं सांगणार होती ती? नवं चित्रण करायला धाकटा उभा राहणार नव्हता, नट दुसऱ्या देशात होता. तीन सेकंद आणणार कुठून, म्हणून साहेबसुद्धा चिंतेत होते.

ते तीन सेकंद कुठे आहेत, हे एकट्या ताईला माहीत होतं.

घाटावरच्या त्या दृश्याचा सहावा टेक वाया गेला होता. नट प्रेत होऊन पडलेला, आणि एक मुंगी त्याच्या बोटाला चावली. बोट जरासं उचललं गेलं, झोपेतल्या माणसाचं उचललं जावं तसं. धाकटा ओरडला होता आणि सातवा टेक घेतला होता, तोच सिनेमात होता. सहावा त्याच्या लक्षातही नसेल. पण ताई काही पुसून टाकत नसे. फुकट गेलेलं, फसलेलं, सगळं ती नीट नाव घालून ठेवून द्यायची. शेवटी आईचीच लेक.

तिने तो टेक काढला. पाण्याचा आवाज आधी आणला, मग दगड, मग हात. बोट हलताक्षणी काळं. चार वेळा लावून बघितलं. झकास बसलं होतं, आणि खोटं कशाला बोला, तेवढ्यापुरता तिला आपल्या हाताचा अभिमानच वाटला. मग तिने मनाशी हिशेब मांडला. सिनेमा संपल्यावर नावं चालतात चार मिनिटं दहा सेकंद. आई आयुष्यात कधी नावं बघायला थांबली नाही. शेवट झाला की लोक उठतात, जिन्यात गर्दी होते, त्या रेट्यात गुडघे दुखतात, म्हणून पडद्यावर पहिलं नाव यायच्या आत ती दाराकडे निघते. लहानपणी त्या तिघा भावंडांना ती दंडाला धरून अशीच बाहेर ओढायची. आईला ते बोट दिसणारच नव्हतं. ते साखळीवाल्यांसाठी होतं, त्यांचं त्यांना लखलाभ.

धाकट्याला तिने सांगितलं, साहेब नरमले. त्याने विश्वास ठेवला, कारण त्याला तो ठेवायचा होता. शेवटची प्रत नेहमीसारखी ताईनेच पाठवली.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारच्या खेळाला तिघे गेले. आईने स्वतःच्या हाताने कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं, किल्ली रुमालात बांधून कमरेला खोचली. रिक्षात बसताना एकदा मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "चला." ताईला वाटलं, जिंकलं.

थेटर भरलेलं. आई मधे, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला धाकटा. पूल कलला तेव्हा कुणीतरी हुंदका दिला. बटणांच्या वेळी तर सगळं थेटर चिडीचूप. आई रडली, पण या वेळी शांतपणे, आणि पडद्यावरच्या आईबरोबर ओठातल्या ओठात म्हणाली, "चल, झालं आता." ताईने ते ऐकलं. त्या क्षणी तिच्या छातीवरचा नऊ वर्षांचा दगड उतरला.

पडदा काळा झाला. पहिलं नाव आलं.

"चल आई," ताई म्हणाली. "गर्दी व्हायच्या आत."

"कुठे गर्दी आहे?" आई म्हणाली.

ताईने वळून बघितलं. कुणी उठलं नव्हतं. एकही माणूस नाही. अकरा सिनेमांनी लोकांना शिकवून ठेवलं होतं की खरी गंमत शेवटी असते. पोरंटोरं, बाप्ये, बायका, सगळे आपापल्या खुर्चीत घट्ट बसलेले. ही साधी गोष्ट, जी त्या थेटरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, ती बावीस वर्षं सिनेमे जोडणाऱ्या बाईच्या ध्यानात आली नव्हती. तिने सेकंद मोजले होते, माणसं मोजली नव्हती.

"सगळे बसलेत, मग आपल्यालाच कसली घाई?" आई पाय लांब करत म्हणाली. "ते बघ, तुझं नाव! अरे, ताईचं नाव आलं बघ."

"आई, मला बरं वाटत नाहीये. बाहेर जाऊ."

"दोन मिनिटं गं. एवढ्या लोकांनी राबून केलंय, नावं तरी वाचू दे."

ताईने तिचा दंड धरला, अगदी आई धरायची तसा. पण ओळीतले गुडघे कुणी बाजूला घेईना. "काकू, बसा ना, अजून आहे," मागून कुणीतरी म्हणालं. धाकटा ताईकडे बघू लागला. आधी काळजीने बघत होता. मग त्याची नजर बदलली. नावं वर सरकत राहिली, सुतार, रंगारी, गाडीचालक, चहावाले. ताईने डोळे मिटले. किती उरलंय ते तिला न बघताही कळत होतं.

पाण्याचा आवाज आला. दगड. हात. बोट हललं.

थेटर शिट्ट्यांनी दणाणून गेलं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले, एकमेकांना टाळ्या देऊ लागले.

"हलला," आई म्हणाली.

"आई, सिनेमा आहे तो."

"हलला ना पण? बटणं लावली तिने, घरी निघून गेली, आणि तो जिवंत होता." आईचा चेहरा उजळला होता, आणि तसाच पाहता पाहता पांढराफटक पडला. तिचा हात कमरेच्या रुमालावर गेला. "अगं बाई! मी कुलूप लावून आले."

मग ती जिना उतरली. जे गुडघे एक पायरी उतरायला मिनिट घ्यायचे, त्यांच्यावर ती कठडा धरून खाली धावली, गर्दीला कोपराने सारत. ताई मागे धावली. वळणावर धाकट्याने तिला गाठलं.

"सहावा टेक," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणाकडे होता तो?"

ताईकडे उत्तर होतं, मोठं, आठवडाभर घोकलेलं. ते ऐकायला तो थांबला नाही. तो तिच्या शेजारून पुढे निघून गेला, आणि या वेळी आपटायला दारही नव्हतं.

घरासमोर कुणी नव्हतं. आईने घाईघाईने कुलूप काढलं आणि आधी शेजारणीचं दार वाजवलं. "कुणी आलं होतं का गं? दार वाजवून गेलं कुणी?"

"नाही बाई. कुणी नाही."

"नक्की?"

"मी इथेच होते की."

आईने भिंतीला पाठ टेकून श्वास घेतला. "म्हणजे चुकामूक नाही झाली," ती म्हणाली. मग कुलूप आणि किल्ली ताईच्या हातात ठेवली. "हे घेऊन जा तू. मला नको घरात."

"आई, सोमवारी दवाखान्यात जायचंय."

"ते राहू दे आता." तिने खुर्ची ओढून दारात घेतली, एका हाताने गुडघा दाबत हळूहळू खाली बसली. रागावली नव्हती. नऊ वर्षांत एवढी खुशीत ताईने तिला पाहिलं नव्हतं. "पुढचा कधी लागणार गं? त्यात येईल ना तो?"

ताईला साहेबांच्या भिंतीवरचा तक्ता आठवला. हमालाचा दोरा मधले तीन सिनेमे सोडून चौथ्याला बांधला होता.

"अडीच वर्षांनी," ती म्हणाली.

"एवढंच ना," आई म्हणाली, आणि रस्त्याकडे तोंड करून नीट बसली.