कंसातलं नाव

“इलारियो रुआनो वेगा. वय सहासष्ट,” मी खणखणीत आवाजात वाचलं आणि छत्रीचं टोक चर्चच्या भिंतीवरच्या कागदावर टेकवलं. “काल मालागा इथे निधन. अंत्यविधी आज मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता, याच चर्चमध्ये. मुलगी आपल्याला प्रार्थनेची विनंती करते.”

एक्केचाळीस माना पुढे झाल्या. काळ्या चौकटीच्या त्या कागदाचे फोटो निघाले. बेनालोसाच्या सहलीतलं हे माझं ठरलेलं ठिकाण. पांढऱ्या भिंती आणि फुलांच्या कुंड्या आमच्याकडे गावोगाव आहेत, पण मेलेल्या माणसाची नोटीस वाचून दाखवणारी गाईड इथल्या किनाऱ्यावर नेरहापासून मालागापर्यंत मी एकटीच. लोक आधी दचकतात, मग हसतात, आणि घरी गेल्यावर सहलीतलं तेवढंच सांगत सुटतात.

“आता नीट बघा. यात काय राहिलंय?” मी विचारलं. “नावाखाली कंस नाही! आमच्याकडे कागदावरच्या नावानं कुणी कुणाला ओळखत नाही. ‘तीनदात्या’, ‘घुबडीण’, ‘पाद्र्याची भाची’ असं कंसात लिहावं लागतं, तेव्हा कुठे कळतं की गेलं कोण. या इलारियोसाहेबांना कंसच नाही. म्हणजे माणूस बाहेरचा. वरच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेला कुणी शहरी म्हातारा असणार. गावानं बिचाऱ्याला टोपणनावसुद्धा ठेवलं नाही! संध्याकाळी पाद्री, शवपेटी आणि मुलगी. संपलं.”

एक डच आजीबाई “अरेरे” म्हणाल्या आणि लगेच हसल्या. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

खरं तर त्या दिवशी माझं निम्मं लक्ष चौकाकडे होतं. पेरेहिल कुठे दिसत नव्हता.

पेरेहिल म्हणजे आमच्या स्वयंपाकात प्रत्येक पदार्थावर भुरभुरतात तो हिरवा पाला. कोथिंबिरीचा सख्खा भाऊच म्हणा. हा माणूस गावातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक भांडणात, प्रत्येक मयतीला हजर, म्हणून त्याला ते नाव पडलं. तेवीस वर्षांपूर्वी तो कुठूनसा आला. बेनालोसाचा चौक एवढासा, मोठी बस तिथे एका दमात वळत नाही. हा डोक्यावर टोपी घालून चौकात उभा राहिला आणि बस वळवून द्यायला लागला. त्याला कुणी नेमलं नव्हतं, की कुणी हटकलंही नाही. “ये, ये, ये... अजून दोन बोटं... थांब म्हटलं ना गाढवा!” आमचा ड्रायव्हर ओनोफ्रे स्वतःच्या बापाचंही ऐकत नसे, पण पेरेहिलच्या हाताच्या इशाऱ्यावर डोळे मिटून बस मागे घ्यायचा.

बस वळली की लोकांना अर्धा तास मोकळं सोडायचं आणि कासिल्दाच्या बारमध्ये त्याच्यासमोर बसून कॉफी घ्यायची, हा माझा दर मंगळवार-गुरुवारचा नेम. एकोणीस वर्षं. तो अडीच चमचे साखर घ्यायचा. बदकांना घाबरायचा, कुत्र्यांना नाही. माझी आई अंथरुणाला खिळली होती ती सहा वर्षं तो प्रत्येक वेळी आधी तिची चौकशी करायचा, मग माझी. बाकी आम्ही कोणत्या विषयावर बोलायचो, विचाराल तर सांगता येणार नाही.

मागच्या गुरुवारी मी उठायला लागले तेव्हा तो टेबलाकडे बघत म्हणाला, “विसी, एखाद्या रविवारी ये की.”

“रविवारी सहल नसते.”

“तेच म्हणतोय मी. एकटीच ये. मी भात करीन.”

मी सत्तावन्न वर्षांची बाई. लग्न केलं नाही, आता काय करायचं? मी म्हटलं, “बघू.” तो म्हणाला, “बघ.” पण शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, चारही दिवस मी घरात एकटीच हसत होते. मंगळवारी मी हो म्हणायला आले होते.

आणि हा पठ्ठ्या चौकात नव्हता. ओनोफ्रेनं चारचौघांना शिव्या घालत बस वळवली आणि एक कुंडी फोडली. मी बारमध्ये डोकावले तर कासिल्दा म्हणाली, “शुक्रवारी मालागाला गेलाय, मुलीकडे. डोळे तपासायचेत म्हणत होता. येईल गं, मंगळवार चुकवेल का तो?” आणि तिनं डोळा मारला. मी सहल घेऊन पुढे निघाले, भिंतीपाशी थांबले, कागद वाचला आणि विनोद केला.

त्यानंतर चर्च. पेटी आत आणून ठेवली असेल तर आधी विचारावं लागतं, म्हणून लोकांना दारात उभं करून मी एकटी आत गेले. पेटी होती. पहिल्या बाकावर चाळिशीची एक बाई मोबाईल मांडीवर ठेवून बसली होती.

“माझे लोक दोन मिनिटं आत आले तर चालेल का? आवाज करणार नाहीत.”

“येऊ द्या की,” ती म्हणाली. “निदान कोणीतरी येईल.”

माझी जीभ गप्प बसेल तर ना. मी विचारलं, “वडील नुकतेच राहायला आले होते का इथे?”

“तेवीस वर्षं झाली.” तिचा आवाज चिरका झाला. “सकाळी आठ वाजता कागद लावलेत. आता सव्वाबारा झाले. एक माणूस फिरकलेलं नाही. आणि बाबा म्हणायचे, अख्खं गाव मला ओळखतं. इथेच पुरा म्हणाले. कुणासाठी?”

“काम काय करायचे?”

“नगरपालिकेत होते. वाहतूक खात्यात. बसगाड्यांचं सगळं त्यांच्याकडेच होतं.”

बेनालोसाच्या नगरपालिकेत महापौर, एक कारकून आणि एक झाडूवाली आहे. वाहतूक खातं नाही. मी तसं सांगायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. बसगाड्या. मालागा. मुलगी.

“ते टोपी घालायचे का हो?” मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

“झोपतानासुद्धा. आतच ठेवलीय त्यांच्याजवळ. का?”

मी बाकाची कड घट्ट धरली. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, माझ्याच आवाजातलं: गावानं बिचाऱ्याला टोपणनावसुद्धा ठेवलं नाही. तो इथे दहा पावलांवर पेटीत होता, आणि मी बाहेर त्याच्यावर एक्केचाळीस माणसांना हसवत होते.

“त्यांना पेरेहिल म्हणायचे,” मी म्हटलं.

तिचा चेहरा कठीण झाला. “ठाऊक आहे मला. कागद छापणाऱ्यानं विचारलं होतं, टोपणनाव काय घालू. मी म्हटलं, काही नको. माझ्या बापाच्या मरणाच्या कागदावर पालेभाजीचं नाव? तुम्ही घालाल?”

“पोरी, तू ते घातलं असतंस तर आत्ता इथे उभं राहायला जागा नसती.”

“पण त्यांचं नाव इलारियो होतं.”

“असेल. इथे ते कुणाला माहीत होतं? पोस्टमनसुद्धा पाकिटावर ‘पेरेहिल, चौक’ एवढंच बघायचा. घरमालकीण आंधळी, तिला कागद कोण वाचून दाखवणार? आणि मी...” एकोणीस वर्षं मी त्याच्यासमोर बसले होते आणि त्याचं नाव काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी बाहेर आले, लोकांना ‘मोकळा वेळ’ एवढंच म्हटलं आणि थेट बारमध्ये घुसले. चार म्हातारे डॉमिनो खेळत होते.

“कासिल्दा, दारावरचा कागद वाचलास?”

“मीच लावला. चिकटपट्टीपण माझीच. वरच्या इमारतीतला आहे कुणीतरी. का गं?”

“तो पेरेहिल आहे.”

“कोण पेरेहिल आहे?”

“इलारियो. इलारियो म्हणजे आपला पेरेहिल. गेला तो. चर्चमध्ये आहे.”

म्हाताऱ्यांतला तीनदात्या सोंगटी न ठेवताच म्हणाला, “जा गं बाई, तुझ्या थट्टा त्या परदेशी पाहुण्यांना ऐकव.” बाकीचे हसले. जन्मभर लोकांना हसवलं की हे असं होतं. मग तीनदात्यानं मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सोंगटी त्याच्या हातातून खाली पडली.

कासिल्दा काउंटरच्या मागून बाहेर आली आणि दारावरचा कागद पुन्हा वाचायला लागली. ओठ हलवत, एकेक अक्षर. “माझ्या हातांनी लावला गं मी,” ती म्हणाली. “आणि वर म्हटलंसुद्धा, बघा, शहरातले लोक कसे एकटे मरतात.”

माझ्याकडे बसचा नंबर लिहायची जाड काळी लेखणी असते. चर्चच्या भिंतीपाशी जाऊन मी इलारियो रुआनो वेगाच्या खाली कंस काढला. ‘पेरेहिल’ लिहून कंस पुरा करते तोवर मागे कुणी उभं असल्याचं जाणवलं. मुलगीच होती. मला वाटलं, आता ही कागद टराटरा फाडणार.

तिनं दोन पावलं मागे जाऊन कागद पाहिला. मग म्हणाली, “जरा मोठं काढा. लांबून दिसलं पाहिजे.”

दीड वाजता बस निघायची होती. मी ओनोफ्रेला सगळं सांगितलं. तो बसच्या पायरीवर बसला आणि टोपी काढून तिच्यात बघत राहिला. “सकाळी मी त्याला आईवरून शिव्या घातल्या,” तो म्हणाला. “म्हटलं, बस आली तरी झोपलाय.”

“मी राहतेय. तू लोकांना घेऊन जा.”

“मी? आणि वाटेत काय सांगू त्यांना?”

“सांग, डावीकडे समुद्र आहे.”

“जाताना तो उजवीकडे असतो.”

“मग उजवीकडे आहे म्हणून सांग!”

लोकांना मी एवढंच म्हटलं की मघाशी ज्याच्याबद्दल बोलले तो बाहेरचा नव्हता, माझी चूक झाली. त्या डच आजींनी माझा हात दाबला. बस वळवायला चारही म्हातारे धावले. एक म्हणे ये, दुसरा म्हणे थांब, तिसरा भलत्याच बाजूला हात करत होता. एका दमात व्हायचं काम अकरा दमांत झालं. कुणी कुणाला शिवी दिली नाही.

मग मी आणि कासिल्दा दारं वाजवत निघालो. तीनचं ऊन, खिडक्या मिटलेल्या, गाव जेवून आडवं झालेलं. प्रत्येक दारात तेच.

“कोण?”

“पेरेहिल.”

“पेरेहिलचं काय?”

“चर्चमध्ये आहे.”

“कशाला? आज कुणाचं आहे?”

मग आमच्या तोंडाकडे बघून दारातल्या माणसाचा चेहरा बदलायचा. साठ-सत्तर दारं असतील. मला दर वेळी वाटायचं, या दारी तरी कुणी म्हणेल, छे, काहीतरीच काय, आत्ताच तर दिसला. आंधळ्या घरमालकिणीनं मात्र काही विचारलं नाही. “चार दिवस पाण्याचा नळ वाजला नाही वरती,” ती म्हणाली आणि काठी शोधायला लागली.

पाचला चर्च भरलं. ओले केस, गालांवर उशीचे वळ, कुणी घरातल्या चपला घालूनच आलेलं. पाद्री शेजारच्या गावचा, चार गावं सांभाळणारा. त्यानं कागदावरून वाचलं, “आपला बंधू इलारियो...” तशी मागून तीनदात्या ओरडला, “पेरेहिल!” पाद्री थांबला. त्यानं पहिल्या बाकाकडे पाहिलं. मुलीनं मान हलवली. “आपला बंधू पेरेहिल,” तो म्हणाला.

मी शेवटी खांबाला टेकून उभी होते. मला पुढे जायचं कारण नव्हतं. मी त्याची कुणी नव्हते. माझं हो माझ्याच घशात राहिलं होतं आणि ते आता ठेवायचं कुठे, हे मला कळत नव्हतं.

प्रार्थना संपली. गाव रांगेनं पहिल्या बाकाकडे सरकू लागलं. मुलीचा हात हातात घ्यायचा, “तुझ्या दुःखात सहभागी आहे” म्हणायचं आणि बाजूच्या दारानं बाहेर पडायचं. मीही शेवटून रांगेत उभी राहिले. माझ्यामागे कुणीच नव्हतं.

माझी पाळी आली. मी हात पुढे केला. तिनं तो धरला, पण सोडला नाही.

“हे सगळे मला एकच विचारतायत,” ती हळूच म्हणाली, “विसी कुठेय, तिला सांभाळ. विसी तुम्हीच ना?”

“हो.”

“तुम्ही बाबांच्या कोण?”

मी खोटं बोलू शकले असते. खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. “मी मंगळवारी आणि गुरुवारी यायचे,” मी म्हटलं.

तिनं बाकावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली. मी तिच्या शेजारी बसले.

बाजूच्या दारात कासिल्दा उभी राहून हे बघत होती. ती आत आली. तिच्यामागून तीनदात्या आला, मग आंधळ्या आजीला धरून तिची नात, मग बाहेर पडलेले सगळेच परत आत येऊ लागले. कुणी कुणाला बोलावलं नाही. चर्चच्या दारापर्यंत पुन्हा रांग लागली, आणि पहिली कासिल्दा माझ्यासमोर वाकली.

“तुझ्या दुःखात सहभागी आहे, विसी.”

मी हात पुढे केला.