हे इथून असं इकडे

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी विद्यार्थिनीने विज्ञानाच्या सरांना फोन केला. ती दहावीत आहे, तिला दिसत नाही. उद्या सकाळी अकराला तिची तोंडी परीक्षा, विषय हृदय.

"सर, तुमच्या शर्टाला इस्त्री नव्हती, हे पाठ झालं. रक्त कुठून कुठे जातं, तेवढं राहिलंय."

सरांच्या हृदयावरच्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओत "हे इथून असं इकडे येतं" हे वाक्य तेवीस वेळा आहे. न दिसणाऱ्या मुलांसाठी त्यात चित्राचं वर्णन भरायचं काम सरांच्या वहिनींचं. त्या निवृत्त रेडिओ निवेदिका. वर्णन बसवायचं ते सर गप्प असतील तेवढ्याच जागेत. सर गप्प होतात ते फळा पुसताना. तेव्हा फळ्यावर काही नसतं. म्हणून वहिनींनी शर्ट सांगितला.

"वहिनी, एवढं हृदय सोडून माझा शर्टच दिसला तुम्हाला?"

"भाऊजी, तुम्ही फळ्यासमोरून हललात तर हृदय दिसेल ना!"

तीन वाजता प्रयोगशाळेत नवं ध्वनिमुद्रण सुरू झालं. सर चित्र समजावणार, वहिनी ते लिहून घेऊन माइकवर वाचणार. सरांनी दोन्ही हात खिशात ठेवायचे, अशी वहिनींची अट. पहिल्याच वाक्याला उजवा हात बाहेर आला. वहिनींनी त्यावर पट्टी मारली.

चार वाजता नवी प्रत गेली. पाच मिनिटांत फोन.

"मॅडम, निळं, म्हणजे अशुद्ध रक्त डाव्या कप्प्यात येतं म्हणालात. माझ्या ब्रेलच्या पुस्तकात उजव्या आहे."

दोघांनी चित्र पाहिलं. निळं डावीकडेच होतं. मग सर खुर्चीत बसले. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो. त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. सरांना हे माहीत होतं. पण शिकवण्याच्या सोळा वर्षांत तोंडाने सांगायची वेळ आली नव्हती.

"म्हणजे सगळा संसार बोटावरच चालला होता," वहिनी म्हणाल्या.

सरांनी घाईत लिहिलेले सगळे डावे-उजवे उलटे केले. त्यात जे आधीच बरोबर होते तेही उलटले. तिसरी प्रत तिने दोन मिनिटांत परत केली. "सर, या माणसाला दवाखान्यात न्या."

चौथ्या वेळी वहिनींनी प्रत्येक वाक्याआधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बाजू तपासली. प्रत पाच चाळीसला गेली.

सहा दहाला तिचा निरोप आला : "उजवी बाजू जुळली. डावी ऐकतेय."